बाळ घरी आल्यानंतरचे ४२ दिवस: आशाताई नेमकं काय करतात?

सरकारी रुग्णालयात काही अडचण न येता प्रसूती झाली, की बाळ-बाळंतिणीला साधारण दोन दिवस ठेवून घेतात आणि मग घरी सोडतात. घरी शेक-शेगडीची तयारी झालेली असते, पाचवीची पूजा तोंडावर आलेली असते, आजी मालिशवाल्या बाईंना निरोप धाडून बसलेल्या असतात. सगळ्यांना वाटतं, अवघड भाग पार पडला. बाळाच्या दृष्टीने मात्र तो अजून पार पडलेला नसतो. आपल्या देशात पाच वर्षांच्या आत दगावणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलं पहिल्या महिन्यातच जातात. त्यातही सुमारे तीन चतुर्थांश मृत्यू पहिल्या आठवड्यात होतात. याच दिवसांत बाळ डॉक्टरांच्या नजरेआड, घरातल्या अंधाऱ्या खोलीत, गोधडीत गुंडाळलेलं असतं.

त्या खोलीपर्यंत पोचण्याचं काम महाराष्ट्रात ज्या करतात त्यांना आपण आशाताई म्हणतो. त्यांच्याबद्दल बोलताना 'लसीकरणाला बोलावतात', 'सर्व्हे करतात', 'गरोदर बाईला दवाखान्यात नेतात' इतकंच बहुतेकांना ठाऊक असतं. ते खरं आहे, पण त्यांच्या कामाचा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी दिसणारा भाग म्हणजे बाळंतपणानंतरचे हे ४२ दिवस. ते नीट समजले, की गावपातळीवरची आरोग्यव्यवस्था कशावर उभी आहे हेही समजतं. म्हणून हा लेख मुख्यतः त्यांच्याबद्दल आहे.

आधी एक गोंधळ दूर करू. गावात आरोग्याशी संबंधित तीन बायका दिसतात आणि शहरातून आलेल्या माणसाला त्या सारख्याच वाटतात. अंगणवाडी सेविका महिला व बालविकास खात्याच्या. पोषण आहार आणि लहान मुलांची अंगणवाडी त्यांच्याकडे. गाव ज्यांना 'सिस्टर' किंवा 'नर्सबाई' म्हणतं त्या आरोग्य सेविका, म्हणजे ए.एन.एम. त्या उपकेंद्रात असतात, लस टोचतात, आणि एका उपकेंद्राखाली साधारण ५००० लोकसंख्या येते, आदिवासी भागात ३०००. आशाताई तिसऱ्या. साधारण १००० लोकांमागे एक, त्याच गावच्या रहिवासी, बहुधा गावची सून. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली सुरू झालं तेव्हा ही रचना देशभर आली. त्याआधी २००२ मध्ये छत्तीसगडने 'मितानिन' नावाने असाच प्रयोग सुरू केला होता. आज देशात १० लाखांच्या आसपास आणि महाराष्ट्रात ७० हजारांच्या आसपास आशाताई आहेत. त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या आणि अडलं तर मदतीला येणाऱ्या ताई म्हणजे गटप्रवर्तक.

आता त्या खोलीत जाऊ.

रुग्णालयात प्रसूती झाली असेल तर आशाताईंनी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं असतं. प्रसूती घरीच झाली असेल तर पहिल्या दिवशीही. पिशवीत फार काही नसतं: अंकी तापमापक, झोळीचा वजनकाटा, सेकंदकाटा असलेलं घड्याळ, विजेरी, बाळाला गुंडाळायला कापड. घरात शिरल्यावर पहिलं काम हात धुण्याचं, साबणाने, कोपरापर्यंत. हे वाचायला किरकोळ वाटेल, पण नवजात बाळाला होणारा जंतुसंसर्ग बऱ्याचदा हातांवरून येतो. शिवाय आशाताई समोर हात धुतात तेव्हा बाळाला उचलायला आलेल्या आत्या आणि मावश्याही बघत असतात.

मग तापमान. काखेत तापमापक धरायचा. ९७ ते ९९ अंश फॅरनहाइट म्हणजे ठीक. त्याखाली गेलं तर बाळ गार पडतंय. नवजात बाळाला तापाइतकाच, कित्येकदा तापापेक्षा जास्त धोका गार पडण्याचा असतो, कारण स्वतःचं अंग ऊबदार ठेवायची ताकद त्याच्यात पुरेशी नसते, आणि कमी वजनाच्या बाळात तर ती फारच कमी असते. उपाय साधा आहे: बाळाचं उघडं अंग आईच्या उघड्या छातीला लावून वरून पांघरूण घालायचं. यंत्र नसलेल्या घरात आईचं अंग हीच सगळ्यात भरवशाची ऊब. ९५ अंशांच्या खाली गेलं तर ऊब देत देतच दवाखाना गाठायचा. आंघोळीचा आग्रह इथेच आडवा येतो. पाटावर बसून पायांवर बाळ घेऊन घातलेली कडकडीत पाण्याची आंघोळ हा आपल्या घराघरातला सोहळा आहे, पण पहिले काही दिवस बाळाचं अंग नुसतं पुसलेलं बरं, आणि वजन २००० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर ते त्यापुढे जाईपर्यंत आंघोळ नकोच. हे आजींना पटवणं हे आशाताईंचं काम. माझ्या मते वैद्यकीय ज्ञानापेक्षा इथे नातं जास्त कामी येतं. बाहेरून आलेल्या डॉक्टरांनी सांगितलं तर आजी मान डोलावतील आणि त्यांची पाठ वळली की घंगाळ काढतील. आशाताई मात्र उद्या पुन्हा दारावरून जाणार आहेत.

वजनाचंही असंच. २५०० ग्रॅमपेक्षा कमी म्हणजे कमी वजनाचं बाळ, त्याच्याकडे लक्ष जास्त. पहिल्या आठवड्यात निरोगी बाळाचंही वजन थोडं उतरतं आणि साधारण दुसरा आठवडा संपेपर्यंत जन्माच्या वजनावर परत येतं. हे माहीत नसलं की घरचे घाबरतात, 'आईला दूध नाही' असा निष्कर्ष काढतात आणि वरचं दूध सुरू करतात. तिथून जुलाबांची आणि कुपोषणाची वाट सुरू होते. चौदाव्या दिवशीही वजन वर आलं नसेल तर मात्र खरोखर बघायला हवं: बाळ नीट पकडून पितंय का, किती वेळा पितंय, आईला गाठी किंवा चिरा आहेत का. चीक टाकून न देणं, मध किंवा घुटी न चाटवणं, सहा महिने पाणीसुद्धा न देणं, बेंबीला तेल-हळद-राख काहीच न लावता ती कोरडी ठेवणं, डोळ्यांत काजळ न घालणं, हे सगळं याच भेटींत सांगायचं असतं. एकदा नव्हे, प्रत्येक भेटीत.

श्वास मोजणं हे सगळ्यात कौशल्याचं काम. बाळ शांत असताना, पोटावरचं कापड वर करून, पूर्ण एक मिनिट मोजायचं. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलेलं चालत नाही, कारण नवजात बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. मध्येच थबकतो, मध्येच भरभर चालतो. मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त आले तर थोड्या वेळाने पुन्हा मोजायचं. दुसऱ्यांदाही तेवढेच आले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर ते धोक्याचं लक्षण.

आईकडेही बघायचं असतं, आणि हे फार वेळा राहून जातं, कारण घरात सगळ्यांचे डोळे बाळावर. रक्तस्राव किती? 'जास्त आहे का?' असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: 'नाही, ठीक आहे.' म्हणून प्रश्न वेगळ्या पद्धतीने विचारायला शिकवलं जातं: चोवीस तासांत कापडाच्या घड्या किंवा पॅड किती वेळा बदलावे लागले? पाचपेक्षा जास्त म्हणजे दवाखाना. ताप आहे का, अंगावरून जाणाऱ्या स्रावाला घाण वास आहे का, डोकं फार दुखतंय का, झटके आले का.

हे सगळं कुणी ठरवलं आणि खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला ते जमेल हे कशावरून? याचं उत्तर महाराष्ट्रातच आहे. अहमदनगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं आणि गावागावांतल्या बायकांना, त्यांतल्या अनेक निरक्षर आणि दलित, आरोग्य कार्यकर्त्या म्हणून शिकवलं. प्राथमिक आरोग्याबद्दल जगाने १९७८ मध्ये अल्मा-आटाला जाहीरनामा केला, त्याआधीची ही गोष्ट. घरात जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत मात्र गडचिरोलीची. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९३ पासून तिथल्या ३९ गावांत हा प्रयोग केला. तुलनेसाठी ४७ गावं निवडली, जिथे नेहमीच्या सरकारी सेवा सुरू होत्या.

प्रयोगाचा गाभा असा होता. नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला आहे हे ओळखायला डॉक्टरांना रक्त तपासावं लागतं, कधी पाठीच्या कण्यातलं पाणी. गडचिरोलीच्या खेड्यात यातलं काहीच नव्हतं. तेव्हा डोळ्यांना दिसतील, हाताला लागतील आणि आई सांगू शकेल अशा मोजक्या खुणा शोधल्या गेल्या: आधी नीट रडणारं बाळ आता मंद रडतंय किंवा रडतच नाही, आधी पीत होतं, आता पिणं कमी झालं किंवा थांबलं, आधी हातपाय आवळून धरायचं, आता लुळं पडलंय, अंग गार लागतं, पोट फुगलंय किंवा उलट्या होतायत, छाती आत ओढली जाते, बेंबीला पू आहे. यांतल्या दोन खुणा एकाच वेळी दिसल्या तर जंतुसंसर्ग समजायचा आणि 'आरोग्यदूत' बाईंनी, म्हणजे संस्थेने शिकवलेल्या गावातल्याच बाईंनी, घरीच प्रतिजैविकांचे उपचार सुरू करायचे, इंजेक्शनसह. श्वास मोजायला अंकांवर अवलंबून राहावं लागू नये म्हणून 'सर्च'ने त्याआधीच्या न्यूमोनियाच्या कामात मण्यांचं एक साधन बनवलं होतं: दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, शेजारी मिनिटाची वाळूघडी, आणि वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली तर आजार.

तीन वर्षांत त्या गावांतला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आला. तुलनेच्या गावांत तो जवळपास होता तिथेच राहिला. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी आधी १६.६ टक्के दगावत होती. घरच्या उपचारांनंतर २.८ टक्के. हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९९९ साली छापून आले, आणि २०११ मध्ये भारत सरकारने गृहभेटींतून नवजात बालकांची काळजी हा कार्यक्रम आशांमार्फत देशभर सुरू केला.

वरच्या खुणांची यादी पुन्हा एकदा वाचा. पहिल्या तीन खुणांत 'आधी' आणि 'आता' आहे. आज मंद रडणारं बाळ परवाही तसंच रडत होतं की परवा घर दणाणून सोडत होतं, हे आज पहिल्यांदा बघणाऱ्या माणसाला कळणारच नाही, मग तो कितीही मोठा डॉक्टर असो. म्हणून एकाच बाईने पुन्हा पुन्हा येणं हा या पद्धतीचा कणा आहे. आशाताईंची तिसऱ्या दिवसाची भेट सातव्या दिवसाच्या भेटीला अर्थ देते. एक भेट चुकली की फक्त एक भेट कमी होत नाही, पुढच्या भेटीची नजरही अधू होते. गावपातळीवरच्या आरोग्यसेवेबद्दल मला सगळ्यात आवर्जून सांगायचं आहे ते हेच, आणि पुढच्या अडचणीही इथेच येऊन भिडतात.

पहिली अडचण आपल्या रीतीची. पहिलं बाळंतपण माहेरी. गरोदरपणाची नोंद सासरच्या आशाताईंकडे, प्रसूती माहेरच्या तालुक्यात, आणि सव्वा महिन्याने परत सासरी. सासरच्या ताईंना वाटतं माहेरी कुणीतरी जात असेल. माहेरच्या ताईंच्या यादीत ती नसते. दोघींनी फोनवर एकमेकींना कळवलं तर साखळी टिकते, आणि चांगल्या आशाताई हे करतातही, पण ते त्यांच्या स्वतःच्या फोनवर आणि स्वतःच्या हौसेवर. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचं तर याहून कठीण. दिवाळीच्या सुमारास बीडहून निघालेली बाई उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येते. मधलं बाळंतपण फडावरच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत होतं. ज्या गावाच्या हद्दीत ती कोपी आहे तिथल्या ताईंनी तिथे गेलंच पाहिजे, असं कागदावर आहे. प्रत्यक्षात कोपी आठवड्याभरात पुढे सरकलेली असते.

दुसरी अडचण पुढच्या दारांची. गडचिरोलीच्या प्रयोगात धोका ओळखणारी आणि उपचार करणारी बाई एकच होती. राष्ट्रीय कार्यक्रमात इंजेक्शन आशाताईंच्या हाती दिलं गेलं नाही. त्यांनी ओळखायचं, ऊब द्यायची, आणि पुढे पाठवायचं. त्यामागे सुरक्षिततेचा विचार आहे, तो मी समजू शकते. पण मग गाडी वेळेवर यायला हवी, प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर हजर हवेत, जिल्हा रुग्णालयातल्या नवजात शिशू कक्षात खाट हवी. यांतलं एक जरी नसलं तर आशाताईंनी वेळेवर ओळखलेल्या आजाराचा उपयोग होत नाही. वरची व्यवस्था ढासळली तरी गाव जाब विचारतं तो त्यांनाच, कारण रोज समोर दिसणाऱ्या त्याच.

तिसरी अडचण पैशांची, आणि ती नीट समजावून सांगायला हवी, कारण आशा 'पगार' मागतात तेव्हा अनेकांना प्रश्न पडतो की मग आत्ता काय मिळतं. सरकारी भाषेत आशा कर्मचारी नाहीत, 'स्वयंसेविका' आहेत. त्यांना मिळतो तो कामावर आधारित मोबदला: अमुक काम पूर्ण, अमुक रुपये. बाळाच्या पहिल्या वर्षाचं सगळं लसीकरण पूर्ण करून घेतलं की १०० रुपये, क्षयाच्या साध्या रुग्णाचे सहा महिन्यांचे उपचार पूर्ण झाले की १०००, आणि नवजात बाळाच्या सगळ्या गृहभेटी पूर्ण केल्या की २५०. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या सहा भेटी धरल्या तर एका भेटीला ४२ रुपयेसुद्धा पडत नाहीत. नोंदवह्या, बैठका, याद्या अशा नेहमीच्या कामांसाठी केंद्राने २०१८ मध्ये महिना १००० वरून २००० रुपये केले. राज्य सरकारं आपली भर घालतात. महाराष्ट्रातल्या आशांनी २०२३ च्या शेवटी आणि २०२४ च्या सुरुवातीला संप केला, आझाद मैदानात बसल्या, तेव्हा राज्याने नोव्हेंबर २०२३ पासून ५००० रुपयांची वाढ मान्य केली.

रक्कम वाढणं आवश्यकच होतं. माझा आक्षेप मात्र मोजण्याच्या पद्धतीवरही आहे. ज्याचे पैसे आहेत ते काम नोंदवहीत चढतं. रात्री एक वाजता दार वाजल्यावर उठून जाणं, आंघोळीवरून आजींशी तासभर घातलेला वाद, माहेरच्या ताईंना केलेला फोन, गर्भपात झालेल्या बाईजवळ नुसतं बसणं, यासाठी कोणताच रकाना नाही. आणि बाळं वाचतात ती बरीचशी या रकान्याबाहेरच्या कामामुळे. त्यात कामं वाढतच गेली आहेत: तीन महिन्यांपासून पंधरा महिन्यांपर्यंतच्या बाळांच्या आणखी पाच भेटी, क्षय आणि कुष्ठरोग शोधमोहिमा, तिशीपुढच्यांची रक्तदाब-मधुमेहाची माहिती भरणं. कोविडमध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत घरोघर तापमान मोजत फिरल्या त्याही याच. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये भारतातल्या आशांचा गौरव केला. केंद्राच्या फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात त्यांना आयुष्मान भारत विम्यात घेण्याची घोषणा झाली. दोन्ही चांगल्या गोष्टी आहेत, पण सातव्या दिवशी त्या घरी वेळेवर जाता यावं यासाठी त्या सकाळी सर्वेक्षणाचं दुसरं काम माथी मारलं न जाणं जास्त गरजेचं.

महाराष्ट्रात २००५-०६ साली दर शंभरातल्या साधारण ६५ प्रसूती रुग्णालयात होत होत्या; २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत त्या जवळपास ९५ झाल्या. याचं श्रेय रस्ते, १०८ ची गाडी, मुलींचं वाढलेलं शिक्षण अशा अनेक गोष्टींना आहे, पण पहाटे त्या गाडीत गरोदर बाईशेजारी बसून गेलेल्या आशाताईंनाही आहे. मात्र प्रसूती रुग्णालयात हलली म्हणून बाळाची पुढची काळजी आपोआप तिथे हलत नाही. दोन दिवस रुग्णालयात, उरलेले चाळीस घरात.

तुमच्या घरात बाळ येणार असेल, गावात किंवा शहरातल्या वस्तीत (शहरी भागातही आशा आहेत), तर प्रसूतीच्या आधीच तिथल्या आशाताईंचा नंबर घेऊन ठेवा, आणि सुनेला किंवा मुलीला दुसऱ्या गावी पाठवत असाल तर तिथल्या ताईंनाही कळवा. माता व बाल संरक्षण कार्ड तिच्यासोबत जाऊ द्या, कपाटात नको. ताई आल्या की बाळाला उघडं करून बघू द्या. 'आत्ताच झोपलंय' म्हणून दारातून परत पाठवू नका. झोपलेल्या बाळाचे श्वास उलट चांगले मोजता येतात. त्यांनी वजन कितीवर आलं हे सांगितलं नाही तर विचारा आणि कार्डावर लिहून घ्या. आणि पिणं थांबलं, रडणं मंदावलं, अंग गार किंवा फार गरम लागलं, हातपाय लुळे पडले, श्वास भरभर चालला, यांतली एकही गोष्ट दिसली तर पुढच्या भेटीच्या तारखेची किंवा दुसऱ्या खुणेची वाट पाहू नका. आधी ताईंना आणि १०८ ला फोन, आणि गाडी येईपर्यंत बाळ आईच्या छातीशी, कपड्यांच्या आत.